सकाळची ताडी, दुपारची ताडी

परदेशात मुलाबाळांकडे गेलेल्या माणसाला दोन गोष्टी चुकवता येत नाहीत. एक थंडी आणि दुसरी वस्तुसंग्रहालये. ब्रुसेल्सला भाचीकडे गेलो तेव्हा पहिल्या आठ दिवसांत मी इतकी चित्रे, इतके पुतळे आणि इतकी चर्चे पाहिली, की नवव्या दिवशी सकाळी गुडघे दुखत असल्याचे सोंग करून पांघरूण ओढून घेतले. भाची हुशार. ती म्हणाली, "मामा, आज जे म्युझियम दाखवते ना, तिथे बसायला मिळतं. आणि शेवटी प्यायलाही." मी उठलो.

अँडरलेख्त नावाच्या उपनगरात, मोठ्या रेल्वे स्थानकापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, एका साध्या गल्लीत ती जागा होती. बाहेरून पाहिले तर एखादे जुने गोदाम. 'कांतियों' हे तिचे नाव. १९०० साली सुरू झालेली ही बिअरची भट्टी आजही त्याच कुटुंबाच्या हातात आहे आणि तीच तिथले संग्रहालयही आहे. आत शिरलो आणि पहिली गोष्ट जाणवली ती वासाची. ओले लाकूड, जुने धान्य, कुठेतरी सफरचंद सडत असल्यासारखा आंबूस दर्प आणि या सगळ्यांच्या खाली गोठ्याची एक पुसट आठवण. नाक मुरडावे की आणखी एकदा वास घ्यावा, हे ठरेना. दोन्ही केले.

शेवटी लहान ग्लासात तांबडी बिअर आली. आंबट चेरी घालून लाकडी पिंपात मुरवलेली. तिला तिकडे 'क्रीक' म्हणतात. रंग थेट पिकल्या जांभळाच्या रसाचा. मला वाटले, फळाची आहे म्हणजे गोड असणार. एक मोठा घोट घेतला आणि डोळे आपोआप मिटले. साखरेचा कण नाही! कैरीची फोड चावल्यावर कानाच्या मागे जी शीर ताणली जाते ती ताणली गेली. मग जिभेच्या कडांना तुरटपणा आला, मग कुठून तरी मागून फळाचा गंध आला आणि अगदी शेवटी तो गोठा. मी ग्लास खाली ठेवला आणि बऱ्यापैकी मोठ्याने म्हणालो, "अगं, ही तर दुपारची ताडी!"

"मामा, हळू," भाची म्हणाली. पण त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघेच होतो.

हे वाक्य माझ्या तोंडून का निघाले, ते सांगायचे तर मला सिरोंचाला यावे लागेल. महाराष्ट्राच्या नकाशात आग्नेयेकडे जी एक चोच खाली उतरलेली दिसते, तिच्या टोकाजवळ आमचे गाव. गावाला लागून प्राणहिता वाहते आणि थोडे खाली जाऊन ती गोदावरीला मिळते. संगमाच्या पलीकडच्या काठावर काळेश्वर. तिथल्या देवळात एकाच पीठावर दोन शिवलिंगे आहेत. नदीच्या त्या बाजूला तेलंगण, आणखी खाली इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. इंग्रजांनी १८६० साली निजामाकडून हा मुलूख घेतला, तेव्हा 'अपर गोदावरी' जिल्ह्याचे ठाणे सिरोंचा होते. गोदावरीतून जहाजे चालवून इथला कापूस आणि लाकूड समुद्रापर्यंत न्यायचे असा मोठा बेत होता. नदीतल्या खडकांनी तो हाणून पाडला आणि १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले. पुढे जिल्हाही गेला. राहिले ते साग, उन्हाळा आणि घराघरांत बोलली जाणारी तेलुगू.

माझे वडील वनखात्यात होते आणि बदली होऊन चंद्रपूरकडून इथे आले. आमच्या घरात मराठी, ओसरीवर तेलुगू आणि आठवडी बाजारात माडिया, अशा तीन भाषा लहानपणी एकदमच कानावर पडल्या. ताडगोळ्यांना आम्ही 'मुंजलू' म्हणायचो. ताडाची कोवळी रुजवण उकडून खायचो, तिला 'तेगलू'. आणि ताडीला 'कल्लू'. शाळेच्या वाटेवर ताडाची रांग होती. तिच्यावर चढणाऱ्या माणसाला सगळी पोरे 'गौडन्ना' म्हणत. ते त्याचे नाव नव्हते, जात आणि मान यांचा जोड होता तो. कमरेभोवती आणि झाडाभोवती दोराचा फास, त्याचे नाव 'मोकू'. कमरेला सुऱ्यांची पिशवी. टाचा खोडाला टेकवून, मोकू वर उडवत उडवत तो असा चढायचा की खालून पाहणाऱ्याची मान दुखावी. वर, पानांच्या झुपक्यात, मातीची लहान मडकी बांधलेली. ती 'लोट्टी'.

आमच्या घरी ताडीला उंबऱ्याच्या आत येण्याची परवानगी नव्हती. याचे कारण काका.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. देखणा माणूस, पेटी उत्तम वाजवायचा. ठेकेदाराकडे हिशेब लिहायला म्हणून सिरोंचाला आला आणि दारूला लागला. ती ताडी नव्हती, मोहाची दारू होती, हे मी आज स्पष्ट सांगू शकतो. तेव्हा घरात असा फरक कुणी करत नसे. आईच्या लेखी सगळे एकच. काकाची पेटी विकली गेली, मग काकूच्या पाटल्या, मग काकू माहेरी गेली ती गेलीच. १९८६ च्या पावसाळ्यात काका गेला तेव्हा त्याचे वय चाळीसही नव्हते. पोट फुगलेले, डोळे हळदीसारखे. त्या रात्री माझ्या वडिलांनी ओसरीवर बसून एकही शब्द काढला नाही. आईने मात्र दुसऱ्या दिवसापासून तोंड उघडले, ते बंद झाले नाही. गडचिरोली जिल्ह्यात दारूमुक्तीचे वारे वाहू लागले, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासारखी माणसे गावोगावच्या लोकांबरोबर त्यासाठी उभी राहिली, ठिकठिकाणी बाया ठराव करू लागल्या, तेव्हा आमची आई कुणीही न बोलावता त्यांच्यात जाऊन बसली. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. त्या दिवशी तिने पुरण घातले होते.

हे सगळे सांगितल्यावर मी ताडी कुठे आणि कशी प्यायलो, असे तुम्ही विचाराल. चोरून. नववीत होतो. शिवरात्रीच्या जत्रेला डोंग्यातून काळेश्वरला गेलो होतो. जत्रा पाहून मित्राच्या मावशीच्या गावी जेवायला गेलो. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. मित्राच्या मावसभावाने ताडाच्या पानाचा दोना करून दिला आणि वरून पांढरी धार ओतली. आंबट! नाकात हुळहुळणारी, जिभेला चावणारी. दुसऱ्या घोटाला मी थांबलो. पण ती चव डोक्यात जी बसली, ती थेट ब्रुसेल्सला उठली.

आता जरा या आंबटपणाच्या मुळाशी जाऊ. ब्रुसेल्सच्या त्या भट्टीत आम्हाला गच्चीखालच्या माळ्यावर नेले. तिथे तांब्याची एक प्रचंड, उथळ परात होती. खोली भरून टाकणारी परात, दुसरा शब्द नाही. साधारण दोन भाग बार्लीचा माल्ट आणि एक भाग कच्चा गहू यांचा काढा रात्री त्या परातीत ओततात आणि झडपा उघड्या ठेवतात. बाकी जगात बिअर करणारे लोक निवडून वाढवलेले यीस्ट मोजून घालतात. इथे काहीच घालत नाहीत. रात्रभरात त्या खोलीतले, हवेतले, तुळयांवरचे जे काही सूक्ष्म जीव त्यात पडतील ते पडतील. सकाळी काढा लाकडी पिंपांत भरतात. ही पिंपे ओकच्या लाकडाची, बहुतेक आधी द्राक्षाची वाइन ठेवलेली. त्यांच्या फटींतून आणि रंध्रांतून मागच्या कित्येक हंगामांचे जीव दबा धरून बसलेले असतात. पिंपांवर कोळ्यांची जाळी लोंबत होती. आपल्याकडे सासू आधी झाडू घेऊन धावली असती. तिथे म्हणे जाळी काढत नाहीत, कारण फळांवर येणारी चिलटे कोळी खातात.

ही बिअर तीन-तीन वर्षे पिंपात राहते. आधी साधे यीस्ट साखर खाऊन मद्यार्क करते, मग दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद आंबटपणा आणतात आणि शेवटी एक संथ, चिवट यीस्ट उरलेसुरले खात बसते. त्याचे नाव ब्रेटानोमायसिस. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन या शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये त्याची ओळख जगाला करून दिली. मला जो गोठा लागला तो या महाशयांचा. तिकडचे जाणकार त्याला घोड्याच्या पाठीवरच्या कांबळ्याचा वास म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणतात. चेरी यात मागाहून येते. लिटरला पावशेरभर चेरी, बियांसकट, पिंपात घालून महिनोन्‌महिने मुरू देतात. फळाची साखर जीव खाऊन टाकतात, उरतो रंग, गंध आणि आंबटपणा. पूर्वी ही चेरी ब्रुसेल्सला लागून असलेल्या स्खारबेक भागातून यायची. शहर वाढले, झाडे गेली. आता तिथे घरे आहेत.

ताडी हे सगळे एका दिवसात उरकते. ही गंमत मला परातीजवळ उभे असतानाच कळली आणि मग पुढचे काही मी नीट ऐकले नाही. ताडाच्या रसात दहा-बारा टक्के साखर असते, तीही बहुतेक साधी, म्हणजे जिवांना आयते ताट. बार्लीतल्या पिठूळ द्रव्याचे तसे नाही, ते पचवायला वेळ लागतो. शिवाय तिकडची थंडी. परातीचा खेळ तिथे थंडीच्या महिन्यांतच करता येतो, उन्हाळ्यात नको ते जीव पडतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. लोट्टी झाडावर असतानाच रस फसफसू लागतो. सुरीवरून, माशांवरून, हवेतून आणि मुख्य म्हणजे लोट्टीच्या मातीतून जीव येतात. यीस्ट मद्यार्क करते, दह्याचे जिवाणू आंबट करतात, मग मडक्याच्या उघड्या तोंडातून प्राणवायू मिळाला की शिरक्याचे जिवाणू जागे होतात आणि मद्यार्काचा शिरका करून टाकतात. पिंपाला बूच असते म्हणून तिकडे हा शेवटचा पाहुणा फारसा शिरत नाही. बाकी पाहुणे तेच, पंगत तीच. फक्त एकाकडे तीन वर्षे आणि दुसऱ्याकडे एक दिवस.

(नीरा याच रसाची, पण लोट्टीला आतून चुन्याचा हात दिलेला असतो. चुन्यामुळे आंबणे थांबते. वर्ध्याला १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला, त्याच्या कामात ताडगुळालाही जागा होती. गांधीजींना ताडी नको होती, ताडाचे झाड हवे होते.)

फळाची आंबट दारू हा काही युरोपचा एकट्याचा शोध नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार दिले आहेत आणि आसवाच्या कृतीत कवठ आहे. कवठाची दारू! आमच्या सिरोंचाच्या रानात कवठे पडून राहतात. आणि आपल्या घरातल्या औषधाच्या फळीवर आजही द्राक्षासवाची बाटली असते की नाही? ते आसव म्हणजे काय? द्राक्षांचा काढा, त्यात गूळ आणि धायटीची फुले, मडक्याचे तोंड कापडमातीने बंद, महिनाभर धान्याच्या राशीत. धायटीच्या फुलांवर यीस्ट असते, ती विरजणासारखे काम करतात. या आसवांत आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो आणि तो बिअरहून कमी नसतो. आमच्या आईने दारूबंदीच्या आधी आणि नंतरही रात्री जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव कधी चुकवले नाही. गोव्यात सान्नां फुगवायला सुर लागते आणि सुर म्हणजे माडाची ताडी. तिला कुणी दारू म्हणत नाही. कोणत्या भांड्यातून आणि कुणाच्या हातून येते, यावर आपण वस्तूचे नाव ठरवतो.

ब्रुसेल्सहून परत आल्यावर मी दोन वर्षे नुसता बोलत राहिलो. शेवटी एका फेब्रुवारीत सिरोंचाला गेलो तेव्हा ठरवले की एकाच झाडाची ताडी एकाच दिवसात वेगवेगळ्या वेळी चाखून पाहायची. नदीच्या अलीकडे नाही. जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि ज्या कायद्यासाठी आई उन्हात बसली तो माझ्या हौसेसाठी मोडायचा नव्हता. आता गोदावरीवर पूल झाला आहे, डोंग्याची वाट पाहावी लागत नाही. (याच नदीवर खाली मेडीगड्डाचा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. त्याच्या फुगवट्याखाली गेलेल्या आमच्याकडच्या शेतांचा विषय या लेखात मावणार नाही.) पहाटे पाचला निघालो. काळेश्वरच्या पुढे एका खेड्यात ओळखीच्या ओळखीने एक गौडन्ना ठरवून ठेवला होता. पन्नाशीचा, काटक, बोलण्यात मितभाषी. चार वेळा एक-एक घोट प्यायचा आणि बाकीचा वेळ झाडाखाली बसून राहायचे, हा माझा बेत ऐकून त्याने माझ्या सोबत्याकडे पाहिले. डोके ठिकाणावर आहे ना, असा त्याचा भाव होता.

उजाडताना तो चढला. ताडात नर आणि मादी झाडे वेगळी. दोन्हींचा रस काढतात, पण रीत वेगळी. फुलोऱ्याचा कोंब दाबून, ठोकून मऊ करायचा आणि रोज सकाळ-संध्याकाळ टोकाची कागदासारखी पातळ चकती कापायची. जाड कापली तर कोंब लवकर संपतो, कापलीच नाही तर जखम भरून येते आणि रस थांबतो. म्हणजे एक दिवसही सुटी नाही. वरून त्याने लोट्टी खाली आणली, जाळीतून गाळली आणि माझ्यासाठी एका वेगळ्या मडक्यात थोडी काढून सावलीत ठेवली.

पहिला घोट साडेसहाला. शहाळ्याच्या पाण्यात कुणी काकवी ढवळावी तशी गोड, किंचित धुरकट, आणि फुलाचा एक हिरवा वास. जिभेच्या टोकावर बुडबुड्यांची अगदी हलकी चाहूल. ही ताडी लहान मुलाच्या हातात दिली तर तेही वाटी पुढे करील, आणि धोका तिथेच आहे.

दुसरा घोट साडेनऊला. ही खरी वेळ! गोडी निम्म्याने उतरली होती आणि तिच्या जागी एक चटपटीत आंबटपणा आला होता. वर फेस. नाकाशी नेले की यीस्टचा, ताज्या पावासारखा वास. थंड केलेली नसूनही थंड वाटत होती. मी एकाचे दोन घोट केले, हे कबूल करतो.

तिसरा दीडला. रंग ताकासारखा पांढरा, गोडी संपलेली. नववीतली ती दुपार जशीच्या तशी. आंबट, चावरी, मागे तुरट, आणि ब्रुसेल्सच्या पिंपाच्या इतकी जवळ की मी हसलो. फक्त चेरी नव्हती आणि गोठाही नव्हता. त्या संथ यीस्टला यायला इथे सवडच मिळत नाही, त्याआधी शिरका दारात उभा असतो. ताडीत खोली नाही, तिला वेळ नाही. पण पिंपातल्या बिअरला जो ताजेपणा कधीच येणार नाही, तो हिच्यात आहे. झाडाचा जिवंत वास. दोन्हींपैकी एक निवड म्हणाल तर मी साडेनऊची ताडी निवडीन, तीन वर्षांची क्रीक नाही. यात माझा गाववालेपणा असेल. असू दे.

चौथा पाचला. तो घोट मी गिळला नाही. शिरक्याने नाक झणझणले. गौडन्ना म्हणाला, ही आता लोणच्यात घाला.

मधल्या वेळात तो हळूहळू बोलू लागला. मी विचारले, लोट्टी धुता का? तो म्हणाला, पाण्याने खळबळतो, साबण कधी नाही. नव्या लोट्टीत पहिले दोन-तीन दिवस कल्लू नीट लागत नाही, लोट्टीला आधी शिकावे लागते. ब्रुसेल्सच्या त्या भट्टीत हेच पिंपाबद्दल ऐकले होते. फक्त तिथे ते सांगणाऱ्या मुलीच्या गळ्यात ओळखपत्र होते आणि ऐकायला आम्ही तिकीट काढले होते. त्या बिअरच्या जुन्या पद्धतीला युरोपीय संघाने १९९७ मध्ये संरक्षण दिले आहे. गौडन्नाची दोन मुले हैदराबादला आहेत, एक गाडी चालवतो आणि एक कुरियरमध्ये. झाडावर कुणीही चढणार नाही. त्याचा स्वतःचा चुलत भाऊ मोकू तुटून पडला, तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही. तेलंगण सरकारने २०२४ मध्ये 'काटमय्या रक्षा' नावाने चढण्याचे सुरक्षा साहित्य वाटायला घेतले. काटमय्या हे या लोकांचे दैवत. "मिळालं का?" मी विचारले. त्याने जुन्या मोकूकडे बोट दाखवले आणि तंबाखू मळायला घेतली.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली ती सर्वांत महत्त्वाची. तेलंगणात गिऱ्हाईक फार आणि झाडे कमी, म्हणून पाण्यात सॅकरिन आणि गुंगीची पावडर कालवून ताडी म्हणून विकतात. क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी औषधे त्यात सापडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. ती पिणाऱ्याला एक दिवस मिळाली नाही तर हातपाय कापू लागतात, माणसे भ्रमिष्ट होतात. "ओळखायची कशी?" मी विचारले. तो म्हणाला, जी संध्याकाळपर्यंत गोडच राहते, ती झाडाची नाही.

मला एकदम काका आठवला. का, ते सांगता येत नाही. काकाचे आणि आंबट-गोडाचे काही नाते नव्हते, तो चव घेण्यासाठी पीत नव्हताच. पण मी ज्या दिवशी घोटांची नोंद वहीत करत बसलो होतो, त्याच दिवशी नदीच्या दोन्ही काठांवर कुणाची तरी पेटी विकली जात असणार. गडचिरोलीत बंदीनंतर दारू संपली असे मी म्हणणार नाही. ती नदी ओलांडून येते, रानात गळते. २०१६ पासून 'मुक्तिपथ'ची माणसे गावोगाव हेच काम करत आहेत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही वाद मी ऐकले आहेत. सही करायची वेळ आली तर आईच्या बाजूने करीन. आणि साडेनऊच्या त्या घोटाबद्दल लिहिलेले एकही अक्षर खोडणार नाही. या दोन गोष्टी एकमेकींशी जमत नाहीत, हे मला कळते.

निघताना गौडन्नाने प्लास्टिकच्या बाटलीत संध्याकाळच्या लोट्टीतली ताजी ताडी भरून दिली. झाडावरून नुकतीच उतरलेली, गोड. पैसे घेईना. मी बाटली घेतली आणि पुलाच्या अलीकडे एका म्हाताऱ्याला देऊन टाकली. तो माझ्याकडे बघतच राहिला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. कान गेले आहेत, नाक नाही. ओसरीवर खाटेवर बसली होती.

"काहून रे, एवढा उशीर? काळेश्वरला गेला होता ना?"

"हो."

"कल्लू प्याला."

साठी ओलांडलेल्या माणसाला नववीतल्या पोरासारखी धडधड होऊ शकते, हे मला तेव्हा कळले. मी जवळ बसलो आणि कानाशी तोंड नेऊन सगळे सांगितले. झाड, लोट्टी, चार घोट, वही. ब्रुसेल्सची परातही सांगितली. ती ऐकत होती की नाही, कळेना. मग म्हणाली, "सकाळची पेला का दुपारची?"

"दोन्ही. दुपारची फार आंबटली होती."

"आंबटतेच. उन्हं चढायच्या आत प्यावं लागते."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. "आई, तुला काय माहीत?"

तिने पदर सारखा केला. "तुझ्या बाबानं आणली होती एकदा. नवीन आलो होतो आम्ही इथं. तू नव्हता तेव्हा." बराच वेळ गेला. रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेले. "गोड होती," ती म्हणाली, आणि मग, "आत जा, दुधावर झाकण नाही. मांजर येईल."